गप्प राहणाऱ्या बाईबद्दल

रविवार, रात्री साडेदहा

आज रंकाळ्यावर मैत्रीण चालता चालता थांबली. कठड्याला टेकली, पाण्याकडं बघत म्हणाली, "नवऱ्याच्या मोबाईलमधल्या त्या क्लिपा बघितल्या गं. त्यातली बाई सारखी ओरडत असती. मी गप्प पडून राहतो, म्हणून त्ये मला थंड म्हणतात." बावीस वर्षांचा संसार. हातातली भडंगाची पुडी तिनं उघडलीसुद्धा नाही.

घरी येऊन सिनेमाच्या अभ्यासक लिंडा विल्यम्स यांचं पॉर्नवरचं १९८९ सालचं पुस्तक पुन्हा काढलं. पॉर्न बंद करा की राहू द्या, या भांडणात न पडता त्या ते सिनेमासारखं नीट तपासतात. या सिनेमाला सुखाचा डोळ्यांना दिसणारा पुरावा हवा असतो. पुरुषाचा पुरावा दिसतो. बाईचा दिसत नाही. मग तिचा चेहरा जवळून घ्यायचा, आवाज चढवायचा. कित्येकदा तर तो मागाहून भरलेला. आणि त्या आवाजाशी तुलना करून माझी मैत्रीण स्वतःला उणी समजते. याचा मला फार राग आला.

मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडनं १९२६ मध्ये प्रौढ स्त्रीच्या लैंगिक जीवनाला मानसशास्त्रातला 'अंधारा खंड' म्हटलं. त्याला मी टाकून देत नाही. बायकांचं बोलणं ऐकता ऐकताच तर त्याचं शास्त्र उभं राहिलं. पण ऐकल्यावर अर्थ मात्र त्यानं पुरुषाच्या मापानं लावला. त्याच वर्षी मनोविश्लेषक कारेन हॉर्नाय यांनी हे स्पष्ट लिहिलं: लहान मुलग्याला मुलगी जशी उणी वाटते, तशीच स्त्री या सिद्धांतात उतरली आहे. ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. कॅमेरा तेच करतो, फक्त उजेडात.

आपल्याकडं र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात बाईच्याही कामसुखाबद्दल सरळ मराठीत लिहीत होते. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले. इतक्या वर्षांनीही मैत्रिणीला हे बोलायला अंधार पडायची वाट बघावी लागली.

परतताना तिनं विचारलं, "तुला कुणी कधी इचारलंय का गं, तुला काय आवडतं?"

गंगावेशीपर्यंत दोघी काही न बोलता आलो. तिथं तिनं पुडी उघडली आणि अर्धी भडंग माझ्या हातावर ओतली.