बाविसाव्या वर्षी एमव्हीपी
आज भाच्यासोबत बास्केटबॉलपटू डेरिक रोझच्या जुन्या मॅच बघितल्या. शिकागोचाच पोरगा, 2008 च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा) शिकागो बुल्सनेच पहिल्या क्रमांकावर उचलला आणि 2011 मध्ये एनबीए या बास्केटबॉल लीगचा सर्वात तरुण एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू! मग 28 एप्रिल 2012. फिलाडेल्फियाविरुद्ध प्लेऑफचा पहिलाच सामना, बुल्स 12 गुणांनी पुढे, दीड मिनिटही उरलं नव्हतं. रोझ उडी मारतो आणि खाली येऊन डावा गुडघा धरतो. भाचा म्हणाला, "मामा, जिंकतच होते ना, मग बाहेर का नाही बसवलं त्याला?" मलाही तेव्हापासून हेच खुपतंय. पुढे उजवा गुडघाही दोनदा गेला. पण 2018 मध्ये मिनेसोटाकडून युटाविरुद्ध पठ्ठ्याने 50 गुण ठोकले आणि कोर्टवरच रडला. एमव्हीपीच्या ट्रॉफीपेक्षा मला ती रात्र मोठी वाटते.