शेवटचा प्रसंग आधी

मालिका बंद होत असल्याचा निर्मात्यांचा फोन आला, तेव्हा मंगळवारची दुपार होती आणि मी ४२व्या भागाचे संवाद लिहीत होते. वाहिनीने आम्हाला तीन आठवडे, म्हणजे १८ भाग दिले होते. माझ्या खोलीतल्या भिंतीवर टाचलेल्या कार्डांवर मात्र आणखी किमान ६० भागांची गोष्ट शिल्लक होती. गुरूच्या युरोपा या चंद्रावर, बर्फाखालच्या समुद्राचा वेध घेणाऱ्या एका संशोधन तळाची ती कथा होती. लेखन आणि निर्मिती दोन्ही माझ्याकडे असल्यामुळे कात्री मलाच लावायची होती आणि उरलेल्या दिवसांच्या खर्चाचा मेळही मलाच घालायचा होता.

अशा वेळी मला आठवतात ते 'बॅबिलॉन ५' या अंतराळस्थानकावर घडणाऱ्या अमेरिकी मालिकेचे लेखक-निर्माते जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की. अमेरिकेतल्या बहुतेक विज्ञानमालिका दर आठवड्याला स्वतंत्र गोष्ट सांगत असत, त्या काळात त्यांनी पाच वर्षांची एकसंध कथा आधी आखली आणि ११० भागांपैकी ९२ भाग स्वतः लिहिले. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचे तर सगळेच. प्रत्येक पात्रासाठी त्यांनी कथेत एक चोरदरवाजा ठेवला होता, म्हणूनच पहिल्या वर्षानंतर नायकाची भूमिका करणारे मायकेल ओ'हेअर बाहेर पडले तरी कथा कोसळली नाही. चौथ्या वर्षी पुढचे वर्ष मिळेल याची खात्री उरली नाही, तेव्हा त्यांनी युद्धाचा उलगडा अलीकडे ओढला आणि अखेरचा भाग स्वतः दिग्दर्शित करून चित्रित करून टाकला. नंतर टीएनटी वाहिनीने पाचवे वर्ष दिले, म्हणून तो तयार भाग बाजूला ठेवून चौथ्या वर्षासाठी वेगळा शेवट चित्रित करावा लागला. राखून ठेवलेला भाग २५ नोव्हेंबर १९९८ रोजी दाखवला गेला. त्यात अंतराळस्थानकाचे दिवे मालवणारा कर्मचारी ते स्वतः आहेत. हे दृश्य मी कितीदा पाहिले असेल, सांगता येणार नाही.

"ताई, आजींच्या तारखा फक्त गुरुवारच्या आहेत," माझ्या सहायक दिग्दर्शिकेने संध्याकाळी आठवण करून दिली. आमच्या अखेरच्या प्रसंगात म्हातारी झालेली नायिका बर्फाखालून आलेला पहिला संकेत ऐकते, आणि ती भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्री त्यानंतर महिनाभर दौऱ्यावर जाणार होत्या. मधले १७ भाग कसे जातील याचा पत्ता नसताना मी बुधवारी रात्रभर बसून तो चार पानांचा प्रसंग लिहिला.

गुरुवारी सेटवर कलाविभागाच्या मुलांनी थर्माकोलच्या बर्फावर मेणाचा पातळ हात दिला होता आणि खिडकीमागे निळा दिवा लावला होता. हेडफोन कानाला लावून आजी इतका वेळ निश्चल बसल्या की त्या वाक्य विसरल्या असे मला वाटले. मग त्यांनी हळूच हेडफोन काढला आणि माझे लिहिलेले वाक्य न बोलताच तो समोरच्या लहान मुलीच्या कानाला लावला. दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिले. ते वाक्य मी तिथेच खोडले.

पॅकअपनंतर घरी येऊन मी भिंतीवरची कार्डे उतरवायला सुरुवात केली. सगळ्यांत आधी काढले ते तळाच्या डॉक्टरच्या बंडाचे. ११ भागांचे, आणि माझे सगळ्यांत लाडके.