चोवीस घरांचा कागद: कॅलिफोर्नियात आठवीतच हायस्कूलची आखणी करताना

कॅलिफोर्नियात मूल आठवीत गेलं की जानेवारी ते मार्चच्या दरम्यान हायस्कूलचा विषय निवडीचा फॉर्म घरी येतो. नववीचे कोर्स, त्यांच्यापुढे खुणा करायच्या, खाली पालकांची सही, आणि परत द्यायला जेमतेम आठ-दहा दिवस. इथलं हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. फॉर्म नववीचाच असला तरी त्यावरच्या दोन खुणा थेट बारावीपर्यंत पोचतात. गेली काही वर्षं मी ओळखीच्या मराठी कुटुंबांबरोबर हा फॉर्म भरायला बसते. त्या बैठकीत काय करतो आणि कुठे अडतं, ते जसं घडतं तसं लिहिते.

फॉर्मला आम्ही शेवटी हात लावतो. आधी एका कोऱ्या कागदावर चार ओळी आणि सहा रकाने आखायचे. ओळी म्हणजे नववी ते बारावी, रकाने म्हणजे दिवसाचे सहा पिरियड. झाली चोवीस घरं. एका कोर्सला एका सेमिस्टरचे (अर्ध्या वर्षाचे) ५ क्रेडिट, वर्षाला १०, म्हणजे चोवीस घरांचे एकूण २४०. काही शाळांत सात पिरियड असतात, तिथे एक रकाना वाढवायचा. पेन्सिल मुलाच्या हातात द्यायची. आईबाबांनी भरलेला कागद ऑगस्टपर्यंत टिकत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

कागद भरण्याआधी दोन याद्या शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. पहिली यादी हायस्कूलमधून पास होण्याची. राज्याची किमान अट अशी: इंग्रजी ३ वर्षं, गणित २, विज्ञान २, सामाजिक शास्त्रं ३, पीई (शारीरिक शिक्षण) २, आणि कला, परभाषा किंवा व्यवसाय शिक्षण यांपैकी एक वर्ष. त्यावर प्रत्येक डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ) आपल्या अटी चढवतं. दुसरी यादी यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) या दोन सरकारी विद्यापीठांची, तिच्यातल्या सात विषयगटांना ए ते जी अशी अक्षरं आहेत म्हणून तिला सगळे ‘ए टू जी’ म्हणतात. इतिहास-सामाजिक शास्त्रं २ वर्षं, इंग्रजी ४, गणित ३, प्रयोगासह विज्ञान २, इंग्रजीखेरीज एक भाषा २, दृश्य किंवा सादरीकरणाची कला (चित्र, संगीत, नाटक) १, आणि एक इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय). एकेका वर्षाचे एकूण १५ कोर्स, प्रत्येकात ए, बी, सी, डी, एफ या ग्रेडपैकी किमान ‘सी’.

‘डी’ मिळाला तरी शाळा पुष्कळदा क्रेडिट देते, मूल पासही होतं. ए टू जी मध्ये तो ‘डी’ धरला जात नाही. म्हणजे डिप्लोमा (हायस्कूल पास झाल्याचं प्रमाणपत्र) हातात आहे आणि यूसीला अर्ज करण्याची पात्रताच नाही, असं होऊ शकतं. बऱ्याच डिस्ट्रिक्टनी आता आपल्या अटी ए टू जी शी जुळवून घेतल्या आहेत, पण तुमच्या डिस्ट्रिक्टने केलं आहे का, हे त्यांच्या हँडबुकात स्वतः पाहा.

दुसरी गोष्ट आपल्या सवयीशी निगडित आहे. बारावीच्या मार्कांवर सगळं ठरतं, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं असतं. इथे यूसीचा अर्ज बारावीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जातो, तेव्हा बारावीचा एकही अंतिम ग्रेड आलेला नसतो. १५ पैकी ११ कोर्स बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण झालेले असावे लागतात. यूसीचा जीपीए (ग्रेडची सरासरी, ए म्हणजे ४ गुण) नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या ग्रेडवर निघतो, म्हणजे मुख्यतः दहावी आणि अकरावी. कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्याला त्यात किमान ३.० लागतो, आणि यूसीच्या नावाजलेल्या कॅम्पसना प्रत्यक्षात त्याहून खूप जास्त. नववीचे ग्रेड या जीपीएत नाहीत, पण ‘सी’ची अट नववीलाही आहे, आणि बाकीची अनेक कॉलेजं नववीही मोजतात. एसएटी या कॉलेज प्रवेश परीक्षेचे मार्क यूसी आणि सीएसयू प्रवेशासाठी बघतच नाहीत, त्यामुळे कोर्स आणि ग्रेड यांचं वजन आणखी वाढतं. एमआयटीसारख्या ठिकाणी मात्र परीक्षा पुन्हा सक्तीची झाली आहे.

आता पेन्सिल. भरायला सुरुवात बारावीच्या ओळीपासून करायची आणि वर वर यायचं. इंग्रजी चारही ओळींत, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. सामाजिक शास्त्रं दहावीला जागतिक इतिहास, अकरावीला अमेरिकेचा इतिहास, बारावीला एक सेमिस्टर शासनव्यवस्था आणि एक अर्थशास्त्र, ही वाट सहसा ठरलेलीच असते. उरतात गणित आणि भाषा. मिडल स्कूलमध्ये (सहावी ते आठवी) खऱ्या अर्थाने ठरतात त्या या दोनच गोष्टी. बाकी सगळं नववीतही बदलता येतं.

गणिताची शिडी अशी: अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. (काही डिस्ट्रिक्टमध्ये पहिल्या तीन पायऱ्यांऐवजी इंटिग्रेटेड मॅथ वन, टू, थ्री असतं.) आठवीत अल्जिब्रा वन झालं तर बारावीत कॅल्क्युलस सरळ येतं. नववीत झालं तर बारावीत प्रीकॅल्क्युलस. मराठी घरांत इथे फार घाई होते. सहावीतच बाहेरचे क्लास लावून मुलाला एक-दोन पायऱ्या पुढे ढकलतात. ढकलण्याआधी मी एक छोटी गोष्ट करून बघायला सांगते. मुलाला दोन बिंदू द्या, (२, ५) आणि (६, १३), आणि त्यांतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढायला सांगा. चढ २ येतो, आणि रेषा उभ्या अक्षाला १ वर छेदते. एवढं बरीच मुलं करतात. मग विचारा, हा रिक्षाचा मीटर असेल तर २ म्हणजे काय आणि १ म्हणजे काय? २ हा दर मैलाचा दर, १ ही बसल्याबसल्या पडलेली रक्कम, हे आपणहून सांगितलं तर मूल तयार आहे. सूत्र आठवतं पण अर्थ सांगता येत नाही, तर अल्जिब्रा वन पुढच्या वर्षी घेतलेलं बरं. कच्चा अल्जिब्रा जॉमेट्रीत झाकला जातो आणि अल्जिब्रा टू मध्ये, म्हणजे नेमका यूसी मोजते त्या दहावीच्या वर्षी, उघडा पडतो.

मागे राहिलेल्याला वाटा आहेतच. जॉमेट्री उन्हाळ्यात करता येते, दहावीत जॉमेट्री आणि अल्जिब्रा टू एकत्र घेता येतात (त्याला एक जादा घर खर्च होतं), काही शाळांत अल्जिब्रा टू आणि प्रीकॅल्क्युलस एका वर्षात जोडून देतात. उन्हाळ्यातली जॉमेट्री सहा आठवड्यांत उरकते, तेव्हा त्या उन्हाळ्यात भारतवारी ठरवू नका. आणि जॉमेट्री गाळून पुढे जायचं नाही. वरच्या पायरीत चांगला ग्रेड मिळाला म्हणून न घेतलेली जॉमेट्री घेतल्यासारखी धरली जात नाही. प्राथमिक डेटा सायन्सचा कोर्सही अल्जिब्रा टू ची जागा घेत नाही.

मुलाला चुकीच्या वर्गात टाकलं असं वाटलं तर गप्प बसू नका. २०१५च्या कॅलिफोर्निया मॅथेमॅटिक्स प्लेसमेंट (मुलाला कोणत्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते ठरवणं) कायद्यानुसार नववीचा गणिताचा वर्ग कोणत्या निकषांवर ठरतो याचं लेखी धोरण डिस्ट्रिक्टकडे असायला हवं, शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात एकदा फेरतपासणी व्हायला हवी, आणि पालकांना दाद मागण्याची सोय हवी. ‘आमच्याकडे असंच असतं’ असं उत्तर मिळालं तर ते धोरण दाखवा म्हणावं. नम्रपणे, पण ईमेलवर.

भाषेचं गणित वेगळं आहे. सातवी-आठवीत मिळून स्पॅनिश वन झालं असेल तर ते ए टू जी साठी एक वर्ष धरलं जातं. ग्रेड जीपीएत येत नाही, अट मात्र पूर्ण होते. यूसी वर्षांपेक्षा गाठलेली पातळी बघते. दोन वर्षांची अट आहे, तीन घ्यावीत अशी शिफारस आहे, आणि स्पॅनिश थ्री ‘सी’ने पास झालं की तीन वर्षं झाली असंच मानतात. नेहमीची चूक म्हणजे नववीत ‘जागा नाही’ म्हणून भाषा सोडणं. एका वर्षाच्या खंडानंतर मूल क्रियापदांची रूपं विसरतं, प्लेसमेंट परीक्षेत पुन्हा स्पॅनिश वनमध्ये बसवतात, आणि आधीच्या दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाते. भाषा सुरू केली की सलग चालू ठेवा.

मराठीचं काय, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. रविवारच्या मराठी शाळेत सात-आठ वर्षं गेलेलं मूल असतं आणि ते ट्रान्स्क्रिप्टवर (शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर) कुठेच दिसत नाही. ते आपोआप दिसणारही नाही. बाहेरच्या शाळेचं क्रेडिट किंवा भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा डिस्ट्रिक्ट मान्य करतं का, हे आठवीतच डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला लेखी विचारा, शाळेतल्या काउन्सेलरच्या (विषय निवडीला मदत करणाऱ्या सल्लागाराच्या) तोंडी आश्वासनावर राहू नका. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेच्या माध्यमातून सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं शिकून ती ‘सी’ किंवा वरच्या दर्जाने पूर्ण केली असतील, तर यूसीची भाषेची अट तेवढ्यावर पूर्ण होते. म्हणजे सहावी-सातवी मराठी माध्यमात करून इथे आलेल्या मुलाची प्रगतिपुस्तकं सोन्याची आहेत. मूळ प्रती सांभाळा, इंग्रजी अनुवाद करून ठेवा. पुण्या-ठाण्याच्या इंग्रजी माध्यमात मराठी फक्त एक विषय म्हणून शिकलेल्याला ही सोय लागू होत नाही. याशिवाय ‘सील ऑफ बायलिटरसी’ आहे. दोन भाषा नीट लिहिता-वाचता येतात याची डिप्लोमावर लागणारी ही मोहर कॅलिफोर्नियाने देशात सगळ्यात आधी सुरू केली. मराठीसाठी ती मिळवायला तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये कोणती परीक्षा चालते ते आधी विचारून ठेवलं की अकरावी-बारावीत धावपळ होत नाही.

विज्ञानाला दोन वर्षं पुरतात असं यूसी म्हणते, तीनची शिफारस करते. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स अशी तीन घरं भरून टाका.

आता घरं मोजा. इंग्रजी ४, गणित ४, विज्ञान ३, सामाजिक ३, भाषा ३, पीई २, कला १. झाली वीस. उरली चार. चार ऐसपैस वाटतात, पण मुलगी ऑर्केस्ट्रात असेल आणि चारही वर्षं वाजवणार असेल तर कलेचं एक घर धरूनही आणखी तीन जातात. राहतं एक. त्यातच डिस्ट्रिक्टने सक्तीचं केलेलं हेल्थ, २०३०-३१च्या बॅचपासून येणारं पर्सनल फायनान्सचं सेमिस्टर, आणि तिला मनापासून हवं असलेलं कॉम्प्युटर सायन्स. कागदावर हे दिसलं की घरातला वाद शांत होतो, कारण आता प्रश्न उरतो फक्त ‘कोणत्या घरात’ एवढाच. काही शाळांत मार्चिंग बँड किंवा शाळेचा खेळ पीई म्हणून धरतात, काहींत पहिल्या तासाआधी झीरो पिरियड असतो, तिथे जागा निघते.

यानंतर एक काम न चुकता करायचं. यूसीच्या ए टू जी कोर्स यादीच्या संकेतस्थळावर आपल्या हायस्कूलचं नाव शोधायचं आणि कागदावरचा प्रत्येक कोर्स अगदी त्याच नावाने तिथे आहे का ते ताडून बघायचं. इयरबुक, लीडरशिप, टीचर्स एड असे कोर्स पुष्कळदा यादीत नसतात. कॉम्प्युटर सायन्सचा एखादा कोर्स गणितात, एखादा विज्ञानात, एखादा नुसताच इलेक्टिव्ह म्हणून बसतो. यादीत काही कोर्सवर ऑनर्सची (म्हणजे नेहमीपेक्षा वरच्या पातळीच्या कोर्सची) खूण असते. शाळेने ‘ऑनर्स’ म्हटलं पण इथे खूण नाही, तर यूसी त्याला जादा गुण देत नाही.

जादा गुणांचंही मोजमाप ठरलेलं आहे. पात्रतेचा जीपीए काढताना एपी (हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेज पातळीचे कोर्स) आणि मान्य ऑनर्सच्या जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना एकेक गुण वाढवून मिळतो, त्यात दहावीतली चारच धरली जातात. नववीच्या ऑनर्सला काहीच वाढ नाही. म्हणून नववीत झेपतं त्यापेक्षा जास्त उचलू नये असं माझं ठाम मत आहे. अमक्याच्या दादाने पाच एपी घेतले, हे कारण पुरेसं नाही. त्याला कोणत्या वर्षी आणि काय सोडून घेता आले ते त्यालाच विचारा.

कम्युनिटी कॉलेजचे (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचे) कोर्स हायस्कूलमध्ये असतानाच घेता येतात. यूसीला चालणारा ‘३ सेमिस्टर युनिट’चा, म्हणजे सहसा एकाच सेमिस्टरचा, कॉलेज कोर्स हायस्कूलच्या एका पूर्ण वर्षाइतका धरतात. कलेचं घर रिकामं राहिलं असेल तर हा चांगला उपाय आहे. पण तो ग्रेड कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर कायमचा राहतो, म्हणून पहिला कोर्स दहावीनंतरच्या उन्हाळ्यात एकटाच घ्यावा, शाळेच्या ऐन गर्दीत नको.

मग फॉर्म. कागदावरची पहिली ओळ त्यावर उतरवायची. ‘पर्यायी विषय’ ही ओळ कोरी ठेवू नका. शाळेचं वेळापत्रक वसंत ऋतूत याच फॉर्मच्या बेरजेवरून बनतं. कमी मुलांनी मागितलेला वर्ग रद्द होतो, आणि तुम्ही पर्याय लिहिला नसेल तर जिथे खुर्ची रिकामी तिथे मूल बसतं. दोन पर्याय लिहा, दोन्ही ए टू जी यादीतले. सही करण्यापूर्वी फॉर्मचा फोटो काढून ठेवा.

ऑगस्टमध्ये वेळापत्रक दिसलं की त्याच दिवशी कागदाशी ताडा. विषय बदलण्याची मुदत बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच संपते, आणि तेव्हा काउन्सेलरच्या दाराशी रांग असते. ईमेलमध्ये मुलाचं पूर्ण नाव, विद्यार्थी क्रमांक, कोणत्या पिरियडला कोणता कोर्स लागला आहे आणि त्याजागी कोणता हवा, एवढ्या चार ओळी पुरतात. ईमेल मुलानेच लिहावा, तुम्ही कॉपीत राहा. आणि चोवीस घरांचा तो कागद फ्रिजवर लावून ठेवा, पुढच्या जानेवारीत दहावीचा फॉर्म येतो.