पागाची शिसं घरी ओतताना

पागाला, म्हणजे हाताने फेकायच्या गोल जाळ्याच्या कडेला, लावायचे शिशाचे मणी घरी ओतणाऱ्या बहुतेकांची एकच तक्रार असते, मणी नीट येत नाहीत. कुणाचे सुरकुतलेले निघतात, कुणाचे अर्धवट, कुणाचे वरून छान पण आतून पोकळ. त्यावर सल्लाही सगळीकडे एकच मिळतो: शिसं आणखी तापव. माझा अनुभव याच्या उलट आहे. शिसं जास्त तापवून अडचण सुटली असं मला क्वचितच दिसलं, वाढलेली मात्र पुष्कळदा दिसली. दोष बहुतेक वेळा साच्यात असतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तो ओलाव्यात असतो.

मी विजयदुर्गच्या खाडीकाठी राहतो. पाग मारायचा तो बोयर आणि काळुंदर या खाडीतल्या माशांसाठी. बाजारात तयार शिसं मिळतं, पण त्याच्या भोकाची धार मोडलेली नसते आणि कडेची दोरी तिथेच झिजून तुटते. शिवाय उधाणाच्या दिवसांत खाडीला ओढ असते. हलका पाग तळाला टेकेपर्यंत वाहत जातो आणि मासळी खालून निसटते. म्हणून मला जरा लांबट, जड आणि भोकाची कड गोलसर असलेले मणी हवे होते. मोठ्या यांत्रिक होड्या १ जून ते ३१ जुलै बंद असतात, तेव्हा आमच्याकडे सगळीकडे जाळी विणायचं, सांधायचं काम निघतं. माझंही निघतं. म्हणजे शिसं ओतायची वेळ नेमकी भर पावसातली.

म्हणून आधी पाण्याचं सांगतो, बाकी सगळं नंतर. शुद्ध शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्या रसाच्या वर पाण्याचा थेंब पडला तर चुर्र होऊन उडून जातो. तोच थेंब रसाच्या खाली गेला तर त्याची क्षणात वाफ होते, वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते, आणि कढईतलं शिसं अंगावर येतं. पावसात हे पाणी कुठून येईल सांगता येत नाही. पत्र्याची गळती, कपाळावरचा घाम, गार पळीवर धरलेलं दव, शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवलेली शिशाची लादी. आणि सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे जुन्या पागाची शिसं. त्यांच्या भोकात खारं पाणी आणि गाळ अडकलेला असतो. वरून सुकल्यासारखं वाटलं तरी मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. अशी शिसं मी गोड्या पाण्यात धुऊन, भोकात तार फिरवून, चुलीजवळ पत्र्यावर दिवसभर तापत ठेवतो. नंतर ती गार कढईतच घालतो आणि मग खाली आच लावतो. उकळत्या वरणात मीठ टाकावं तसं वितळलेल्या शिशात नवा तुकडा वरून टाकायचा नाही. टाकायचाच असेल तर तो कढईच्या काठावर बराच वेळ तापवून, लांब सांडशीने हळूच सोडायचा.

जागा पडवीच्या टोकाची, पागोळ्यांपासून आत आणि वारा पाठीमागून येईल अशी. कढई बिडाची. ॲल्युमिनियमची नको, ती तापाने मऊ पडते. जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा डबाही नको. वेल्डिंगवाले वापरतात ते चामड्याचे हातमोजे, गॉगल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, बूट. चपला घालून हे काम करणाऱ्याजवळ मी उभाही राहत नाही.

आता साच्याकडे येतो. माझा साचा दोन पाकळ्यांचा आहे, ॲल्युमिनियमचा, लेथवाल्याकडून करून घेतलेला. मधोमध भोकासाठी सायकलचा स्पोक बसतो. पहिले मणी निघाले ते अंगभर सुरकुत्या घेऊन. कढईतलं तापमान ३७० अंश होतं. मी तारेचा डिजिटल थर्मामीटर वापरतो, तेव्हा त्यात शंका नव्हती. तरी आच वाढवावी असंच वाटत होतं. शेजारचे आबा, ज्यांनी आयुष्यभर पाग विणले, ते पायरीवर बसून बघत होते. त्यांनी एक मणी हातमोज्यावर घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाले, "शिसां थंड नाय रे, तुजो साचो थंड आसा. आदी तेका भाज."

अगदी तसंच होतं. गार साच्याच्या भिंतीला लागताच रसाची साय धरते, मागून येणारा रस त्या सायीवर चढतो, आणि तीच सुरकुती दिसते. साचा कढईच्या काठावर ठेवून शेकला आणि सुरुवातीचे मणी मोडून पुन्हा कढईत टाकत राहिलो, तसतशा सुरकुत्या विरत गेल्या. पहिले मणी चांगले येणारच नाहीत हे धरूनच बसावं, ते साचा तापवायच्या कामाचे असतात. साचा तापूनही सुरकुत्या राहिल्या तर तेल आहे असं समजावं. लेथवर कापताना लावलेलं तेल नव्या साच्यात राहतंच. भांडी घासायच्या साबणाने गरम पाण्यात ब्रशने घासायचा, आणि मग पुन्हा तेच, कडकडीत वाळवायचा. साच्यातलं पाणीही पाणीच.

कडा भरत नसतील तर कारण वेगळं असतं. मण्याचं टोक गोल, बोथट येतं, कारण आत अडकलेल्या हवेला वाट नसते. पाकळ्यांच्या तोंडावर हवा निघायला केसाएवढ्या खाचा असतात, त्यात काजळी आणि शिशाचा चुरा बसतो. सुईने त्या मोकळ्या केल्या की बहुतेक वेळा काम होतं. ओतायची पद्धतही बघावी. थेंबथेंब, घाबरत ओतलं तर रस अर्ध्यावरच थिजतो. धार एकसारखी आणि ठाम हवी. एवढं करूनही टोक भरेना तर थोडं कथील घालावं, रसाचा ताण कमी होऊन तो कोपऱ्यात शिरतो. कथील वेगळं आणायला लागत नाही. रेडिओवाल्यांकडे ६०-४० सोल्डर (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) मिळतं, ते किलोभर शिशाला वीसेक ग्रॅम पुरतं.

पोकळ मण्याने मला सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला, कारण बाहेरून काही दिसत नाही. चांगला दिसणारा मणी वजनकाट्यावर हलका भरतो. असा एक मणी मी करवतीने उभा कापला. तोंडाच्या बरोबर खाली मोहरीएवढी खळगी होती, आतून खडबडीत आणि राखाडी. शिसं थिजताना सुमारे साडेतीन टक्के आक्रसतं. मणी आधी भिंतीकडून थिजतो, मध्यभागी शेवटी, आणि त्या शेवटच्या भागाला वरून रस मिळाला नाही तर तिथे पोकळी पडते. उपाय सोपा निघाला. साचा भरल्यावर पळी लगेच उचलायची नाही. तोंडावर शिशाचं छोटं डबकं राहू द्यायचं आणि ते आत खेचलं जाताना बघायचं. मध्ये लहानसा खड्डा पडतो, चमक जाते, मग ते थिजलं. त्याआधी साचा हलवायचा नाही. वरची जादा शेंडी नंतर कापून कढईत जाते. वजनकाटा मात्र या कामासाठी वेगळा ठेवला आहे, स्वयंपाकघरातला नाही.

याच्या उलट, साचा फार तापला तर मणी पांढुरका, धुरकट दिसतो, आणि पाकळ्यांच्या सांध्यातून कागदासारखी पातळ पापडी बाहेर येते. धुरकटपणाने पागाचं काही बिघडत नाही. मासळीला मणी चमकदार लागत नाही, म्हणून असे मणी मी फेकत नाही. पापडी मात्र जाळं फाडते, ती काढायलाच हवी. ती पुन्हा पुन्हा येत असेल तर पाकळ्यांच्या मध्ये शिशाचा कण चिकटलेला असतो. साचा उजेडासमोर बंद करून धरला की फट दिसते. कण लाकडाच्या काडीने काढावा. लोखंडी टोकदार वस्तू लावली की ॲल्युमिनियमला चरा पडतो आणि मग प्रत्येक मणी त्या चऱ्यावर अडकतो. कढईतला रस फार तापलाय हे थर्मामीटरशिवायही कळतं: मळी, म्हणजे रसावर साचणारा करडा मळ, बाजूला केली की वरचा थर आधी पिवळसर, मग जांभळट-निळा रंग धरायला लागतो. तो रंग दिसला की आच कमी करायची.

स्पोक निघत नाही, ही आमच्या मण्यांचीच खास अडचण. शिसं गार होताना स्पोकला आवळून बसतं. दिव्याच्या ज्योतीवर धरून स्पोकला आधी काजळी लावायची, आणि मणी थिजल्याबरोबर, गरम असतानाच, पकडीने आधी अर्धा फेरा फिरवून मग ओढायचा. सरळ ओढला तर मणी वाकतो. थंड झाल्यावर हातोडीने ठोकून काढायचा म्हटलं तर स्पोकही जातो. भोकाची कड ड्रिलच्या जाड टोकाने हाताने फिरवून मोडून घ्यायची, म्हणजे दोरी वाचते. हे सगळं केलं ते शेवटी याच कडेसाठी.

शिसं कुठून आणायचं यावरही थोडं. भंगारवाल्याकडे टेलिफोनच्या जुन्या केबलचं शिशाचं कवच मिळालं तर उत्तम, ते मऊ असतं. गाड्यांच्या चाकांना लावायची वजनं मिळतात, त्यांत ॲन्टिमनी असल्यामुळे ती कडक असतात. ओतीव मण्याला चालतात, पण चिमटून बसवायच्या शिशाला नाहीत, चिमटताना तडकतात. शिवाय त्यांतली काही हल्ली जस्ताची असतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं, म्हणून रस ३७०च्या आसपास ठेवला तर जस्ताची वजनं न वितळता वर तरंगतात आणि झाऱ्याने काढता येतात. आच वाढवली की ती शिशात मिसळतात, वर दाट गठ्ठे धरतात, आणि त्या रसाचा एकही मणी धड भरत नाही. आणखी तापव या सल्ल्याला माझा विरोध आहे तो यामुळेही.

बॅटरी फोडून शिसं काढायचं काम मात्र कुणीही घरी करू नये. ॲसिड तर असतंच, पण त्या पट्ट्यांत ॲन्टिमनी आणि कधी आर्सेनिक असतं, त्यातून जीवघेणा वायू निघू शकतो. २०२२च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी अधिकृत संकलनाकडेच जायला हवी. दुकानदार नवी देताना जुनी परत घेतो, तिथेच द्यावी.

शेवटी मळी. मेणबत्तीचा तुकडा टाकून कोरड्या लाकडाने ढवळलं की चांगलं शिसं खाली बसतं आणि वर करडी भुकटी राहते. घरच्या ओतकामात शिशाच्या वाफेपेक्षा ही भुकटी जास्त घातक असते, कारण ती हाताला, कपड्याला लागून तोंडात जाते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम कायमचा राहतो. म्हणून ओतायच्या दिवशी मुलं आजोळी. मळी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, मास्क लावून, उडवू न देता भरायची. झाडूने झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, पण कढई पूर्ण थंड झाल्यावरच. हात साबणाने धुतल्याशिवाय चहासुद्धा नाही. कपडे वेगळे धुवायचे. डबा भरला की तो शिसं घेणाऱ्या भंगारवाल्याकडे जातो, माडाच्या आळ्यात किंवा खाडीत नाही.

यंदाचे मणी बरे आले आहेत. वजनात फरक एखाद-दुसऱ्या ग्रॅमचा. अजून न सुटलेली गोष्ट म्हणजे मोठ्या मण्यांना तोंडापाशी पडणारी बारीक खळी. डबकं मोठं ठेवूनही ती जात नाही. साच्याचं तोंड रुंद करून बघायचं ठरवलंय. लेथवाला गणपतीनंतर वेळ देतो म्हणाला आहे.