'बरं आहे' म्हटल्याचे 22 टक्के

दिव्यांगत्वाच्या पहिल्या तपासणीत मला 22 टक्के पडले. शाळेत गणितातसुद्धा इतके कमी नव्हते कधी.

मला पस्तिशीत संधिवात निघाला, डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. मी शिवणकाम करते. वर्षभर शाळेचे गणवेश आणि ब्लाऊज, आणि डिसेंबर लागला की सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या बाराबंद्या, म्हणजे बंद बांधायचे पांढरे अंगरखे. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं अशी आखडलेली असतात की चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यावा लागतो. दुपारपर्यंत सैल होतात. हे 'दुपारपर्यंत' लक्षात ठेवा, त्यानंच घात केला.

दिव्यांग प्रमाणपत्र काढून घे, असं समोरच्या अक्का म्हणाल्या. सासूबाईंचं म्हणणं, "बायांना एसटीत अर्धं तिकीट हायच की, अजून काय पायजे?" प्रमाणपत्रावर सवलत 75 टक्के होते हे मी सांगितलं. खरं कारण सांगितलं नाही. मी आळशी झालेय असं जे घरात-दारात बोललं जायचं, त्याला उत्तर म्हणून मला एक शिक्क्याचा कागद हवा होता. ई-सेवा केंद्रात आधार, फोटो, रिपोर्ट देऊन यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज एका दुपारी भरून झाला.

अडकलं ते तपासणीत.

पहिल्या तारखेला हाडांचे डॉक्टर शिबिराला गेलेले. दुसऱ्या तारखेला "दोन्ही हातांचा नवा एक्स-रे आणा." अहो, मग आधी नाही का सांगायचं? तिसऱ्या वेळी सकाळी नऊला जाऊन बसले. शेजारी पोलिओचे एक काका होते, त्यांची पाचवी फेरी. पंख्याखाली जागा मिळाली तर खिडकीतली हाक ऐकू येत नाही, खिडकीजवळ बसलं तर ऊन. घरून दुखण्याची गोळी खाऊन निघाले होते. माझा नंबर आला तेव्हा साडेबारा वाजले होते, म्हणजे माझी बोटं दिवसातल्या सगळ्यांत शहाण्या वेळेत होती.

"काय मावशी, कसं आहे?"

"बरं आहे."

तोंडातून आपसूक गेलं. गेली आठ वर्षं हेच उत्तर देत आलेय, गिऱ्हाइकाला, नणंदेला, आईला फोनवर. डॉक्टर म्हणाले मूठ करा. मीही दात आवळून केली, वर हसले! दोन मिनिटांत बाहेर. प्रमाणपत्रावर 22 टक्के, आणि सवलतींना किमान 40 लागतात. खिडकीवरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "आता काय होत नाही ओ." रिक्षात बसून रडले. राग त्याच्यावर होता की माझ्या त्या हसण्यावर, कळेना.

होत नाही, हे चूक होतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 59 अपिलाचंच आहे. हे मला कोर्टात काम करणाऱ्या एका गिऱ्हाइकानं पँट उसवायला आणली तेव्हा सांगितलं. तुम्हालाही कमी टक्के पडले असतील तर खिडकीचं ऐकून घरी बसू नका, लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

अपिलाची तारीख येईपर्यंत मी वही घातली. शंभर पानी, मुलीच्या दप्तरातली. रोज वेळ टाकून फक्त न झालेली कामं लिहायची. 'सव्वासहा: नळ फिरला नाही.' 'सात: कुलपात किल्ली वळली नाही.' 'आठ: वेणी मुलीनं घातली.' पंधरा दिवसांनी वाचायला घेतली आणि गप्प झाले. ब्लाऊजचे हूक दोन वर्षं मुलगीच लावतेय, हे मी स्वतःपासूनही लपवलं होतं. आणखी एक दिसलं. संधिवाताची मेथोट्रेक्सेट नावाची गोळी गुरुवारी रात्री घेते, आणि शुक्रवारच्या सगळ्या नोंदी रडक्या. तेव्हापासून शुक्रवारी कातर धरत नाही. (ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोजची समजून घेतली तर जिवावर बेतते, म्हणून पाकिटावर वार मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. रक्ताच्या तपासण्याही सांगितल्या तेव्हा करा.)

दुसऱ्या तपासणीला वही पुढं केली. यावेळच्या बाईंनी खरंच हात तपासले. किल्ली चिमटीत धरा, जाड नळकांडं धरा, मग बारीक, पिशवी बोटांत अडकवून उचला, अंगठा करंगळीला लावा. पहिल्या वेळी यातलं काहीच झालं नव्हतं. किती दुखतं याला तिथं फारसे मार्क नाहीत, हात काय करू शकत नाही ते बघतात. म्हणून सांगते, जे होत नाही ते रेटून करून दाखवू नका. दुखण्याची गोळी चुकवून जाऊ नका, पण सकाळी घेतलीय हे सांगा. सकाळी हात कसे असतात ते विचारलं नाही तरी सांगा. मी सांगितलं. आवाज थरथरत होता, पण हसले नाही.

46 टक्के. कार्डावर पिवळी पट्टी आली, म्हणजे चाळीस ओलांडले. त्या दिवशी घरी येऊन पहिल्यांदा सासूबाईंना वही वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, संध्याकाळी कणीक मात्र स्वतः मळली. कार्ड एसटीत दोनदाच वापरलंय.

यंदाच्या यात्रेआधी एक जुनं गिऱ्हाईक बाराबंदीचं कापड घेऊन आलं. "काय वहिनी, बऱ्या आहात ना?"

"नाही ओ. आज बोटं वळत नाहीत. बंद मुलगी लावेल, बुधवारी न्या."

"सोमवारी म्हणाला होता की!"

"म्हणाले होते. बुधवारी न्या."

त्यानं जरा तोंड वाकडं केलं, पण कापड ठेवून गेला.