कडक गादीवरची तीन वर्षं

रात्री तीनच्या सुमाराला उजवा हात बधिर होऊन जाग यायची. डाव्या हाताने तो उचलून पोटावर ठेवायचा, मग मुंग्या येणार, त्या ओसरेपर्यंत झोप पार उडालेली. मला वाटलं मानेचं काहीतरी असावं. उशी बदलली, मग दोन उशा घेतल्या, मग उशीच काढून टाकली. गादीवर मात्र संशय घेतलाच नाही, कारण गादी 'चांगली' होती. चांगली म्हणजे कडक.

कंबर दुखते म्हटलं की जो तो एकच सांगतो, कडक गादीवर झोप, नाहीतर सरळ जमिनीवर. म्हणून आम्ही दाबलेल्या काथ्याची गादी आणली होती. वर फोमचा नावापुरता थर आणि कडेला 'ऑर्थो' असं भरतकाम. त्या भरतकामावर मी भाळले, हे कबूल करते. डॉक्टरच आत बसलाय असं वाटायचं!

अशाच एका तीन वाजताच्या जागरणात मोबाइल चाळताना स्पेनमधल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली आलेला. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी दिली. ९० दिवसांनी मध्यम गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं. मी उठून बसले. शेजारी नवरा त्याच गादीवर ढाराढूर झोपलेला.

तो का झोपतो आणि मी का नाही, हे दुसऱ्या दिवशी चहा पिताना सुटलं. तो पाठीवर झोपतो, आणि वजनाने माझ्या दीडपट आहे. मी कुशीवर झोपणारी, किरकोळ अंगाची. कुशीवर झोपलं की सगळा भार खांदा आणि खुब्याच्या हाडावर येतो. गादीने तेवढ्या दोन जागी आत जायला हवं. ती गेली नाही की खांदा चेपतो आणि मधली कमर अधांतरी राहते. माझ्या वजनाला ती गादी दबतच नव्हती. त्याच्या वजनाला दबत होती. एकच गादी, पण त्याच्यासाठी मध्यम आणि माझ्यासाठी फरशी.

मग दुकानं सुरू झाली. पहिल्या दुकानात मी सगळे करतात तेच केलं, तळहाताने दाबून पाहिलं. तळहातावर कोण झोपतं? दुसऱ्या दुकानात आडवी झाले, पण लाजून, ताठ, पाठीवर, चपला गादीबाहेर लटकवून. नवरा म्हणाला, "तू अशी कधी झोपतेस?" मग वळले कुशीवर. वरचं प्लास्टिक कुरकुरलं, गालाला चिकटलं. विक्रेता दोन मिनिटांनी "कशी वाटली?" म्हणाला. त्याला म्हटलं, दादा, पंधरा मिनिटं द्या, तुम्ही बाकीची गिऱ्हाइकं बघा. नवऱ्याने मागून फोटो काढले. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ सरळ दिसते का, एवढंच बघायचं होतं. एका गुबगुबीत गादीवर ती रेघ चक्क झोळीसारखी होती, आणि मला तीच सगळ्यात मऊ म्हणून आवडली होती. फोटो नसता तर घेऊन आले असते.

मेमरी फोम, म्हणजे अंगाच्या आकारात हळूहळू दबणारा फोम, दाखवताना विक्रेत्याने अंतराळाचा विषय काढलाच. नासाचा संबंध खरा आहे. १९६६ च्या सुमारास त्यांच्यासाठी चाललेल्या कामातून तो फोम निघाला, पण ते काम विमानाच्या सीटसाठी होतं. खांद्याला तो फार सुखाचा, खोटं कशाला बोलू. पण कूस बदलायची म्हणजे चिखलातून पाय काढल्यासारखं, आणि मी रात्रीत वीस वेळा वळते. शिवाय अंगाखाली गरम होतं. सोडला.

स्प्रिंगच्या गादीची परीक्षा नवऱ्याने घेतली. मी एका कडेला झोपले, तो दुसऱ्या कडेला धप्पकन बसला. सगळ्या स्प्रिंगा एकमेकींना तारेने बांधलेल्या होत्या, तिथे मी उडाले. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते. तिथे नुसता आवाज आला. तेवढ्यावर निम्मा निर्णय झाला.

फोमची घनता विचारायची, हे मी वाचून गेले होते. घनता म्हणजे कडकपणा नव्हे. हलका फोमही पहिल्या दिवशी कडक लागू शकतो आणि पुढे त्याच जागी खड्डा पडतो. एक घनमीटरला किती किलो, असं विचारल्यावर विक्रेता आत जाऊन कॅटलॉग शोधून आला. वॉरंटीत किती खोल खड्डा पडला तर गादी बदलून देतात, हेही तेव्हाच वाचून घेतलं. बारीक अक्षरात असतं.

शेवटी पॉकेट स्प्रिंग आणि वर लेटेक्सचा, म्हणजे रबरी फोमचा थर, मध्यम कडक. पहिला आठवडा अंग उलट जास्त दुखलं, मी मनातून घाबरले. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की तीन वाजता जाग आलेली नाही.

एक घोळ झालाच. पलंगाची लांबी-रुंदी आम्ही दोनदा मोजली, गादीची उंची कोणीच बघितली नाही. नवी गादी जुनीच्या दुप्पट जाड आहे. इलॅस्टिकच्या चादरी कोपऱ्यांवरून सटासट निसटतात, आणि कडेला बसलं की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. जुनी गादी दुसऱ्या खोलीत टाकली आहे. रविवारी दुपारी नवरा दिसेनासा होतो. 'ऑर्थो'वर पालथा पडून घोरत असतो.