पाणी आटेपर्यंत

मशरूम परतायला घेतली की पहिली पाच मिनिटं माझा जीव खालीवर होतो. काठोकाठ भरलेली कढई बघता बघता निम्म्यावर येते आणि तळाशी करडं पाणी साचतं. चौघांसाठी चिरलेलं आता दोघांना तरी पुरेल का? पण यात मशरूमचा दोष नाही. त्यात शंभरातले 92 भाग पाणीच असतं.

पूर्वी मी ते पाणी बेसिनमध्ये ओतून मोकळी व्हायचे. रायबोफ्लेविन, नायसिन ही ब गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, म्हणजे ज्यासाठी मशरूम आणायची तेच मी फेकत होते! वर कोरडी दिसतात म्हणून तेल घालायचे. कच्चं मशरूम म्हणजे निव्वळ स्पंज. तेल गट्ट करतं आणि पुन्हा तसंच कोरड्या तोंडाने बघत बसतं. 100 ग्रॅम मशरूममध्ये कॅलरी जेमतेम 22, आणि मोठ्या चमचाभर तेलात 120 च्या आसपास. हलकं खातेय या समाधानात मी मुख्यतः तेल खात होते.

आता मोठ्या आचेवर, कोरड्या कढईत, झाकण न ठेवता पाणी कढईतच आटवते. फसफस थांबून चर्र आवाज यायला लागला, कडा तांबूस झाल्या, की मग चमचाभर तेल आणि लसूण. मीठ अगदी शेवटी.

एवढं परतूनही त्यांचा लगदा होत नाही, कारण त्यांच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं. खेकड्याच्या कवचात असतं तेच. झुरळाच्याही. (हे जेवताना सांगू नये. मी सांगून बसले आहे.) पोटाला मात्र तो चोथा चांगलाच.

‘मटणासारखी लागतात’ हे खरं, ती ग्लुटामेट या चव आणणाऱ्या घटकाची करामत. प्रथिनं म्हणाल तर 100 ग्रॅमला तीनेक ग्रॅम, त्यामुळे त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नये. मला खरं अप्रूप ड जीवनसत्त्वाचं. जन्मभर अंधारात वाढलेल्या या जिवात अर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य असतं. चिरलेले काप दुपारच्या उन्हात थोडा वेळ पसरले, की त्याचं ड-2 होतं. तोडल्यानंतरही! म्हणून हल्ली माझं ताट आधी उघड्या खिडकीत जातं आणि मग कढईकडे.

पानात वाढलं की अजूनही तोच प्रश्न येतो, “एवढंच?”